प्रलंबित प्रकरणे : निरंक

शेजारच्या पाच देशांनी एकमेकांच्या सुरक्षेची जबाबदारी एकत्र खांद्यावर घेतली तो दिवस या भागाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं करारावर सह्या करताना पाचही पंतप्रधान एकापाठोपाठ एक म्हणाले होते. प्रत्यक्षात तो निळ्या बॉलपेनाने लिहिला गेला, आणि ते बॉलपेन ज्याच्या खिशातून घेतलं होतं त्याला ते आजतागायत परत मिळालेलं नाही.

त्या गृहस्थांना कचेरीत सगळे निरंकराव म्हणत. पाच देशांच्या सामायिक सचिवालयात ते इतिवृत्त लिहायला होते. टेबल तिसऱ्या मजल्यावर, पाच घड्याळांच्या खाली. पाचही देशांत वेळ एकच. तरी घड्याळं पाच, कारण एकच लावलं तर ते कुणाचं, हा प्रश्न उभा राहिला असता. त्यातलं एक चार मिनिटं मागे होतं. ते पुढे करायला त्या देशाची लेखी परवानगी लागे, आणि ती मागवलेली होती.

या सचिवालयाची कामाची एक पद्धत होती. बाहेरच्या माणसाला ती ऐकून आधी हसू येई आणि मग येईनासं होई. इथे बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आधी लिहिलं जाई. पहिल्या वर्षी भाबडेपणाने आधी बैठक घेतली आणि मग काय घडलं ते लिहिलं, तर त्यावरून दोन राजदूत सामानसुमानासह आपापल्या घरी गेले. तेव्हापासून निरंकरावांनी दीड महिना आधी मसुदा लिहायचा, तो पाच राजधान्यांत फिरायचा, पानापानावर पाच सह्या व्हायच्या, आणि मग प्रतिनिधींनी जमून त्या कागदाबरहुकूम बैठक करायची. अध्यक्षांनी कुठे पाणी प्यायचं एवढंच काय ते मोकळं सोडलेलं होतं. ‘येथे हशा’ असं असेल तिथे पाच देश हसत.

विषय नऊ, आणि अठरा वर्षं तेच. नववा विषय पाचही देशांच्या सुट्ट्यांची एक यादी करण्याचा. तो दर वेळी ‘पुढील बैठकीत चर्चा करावी’ म्हणून पुढे ढकलला जाई, कारण यादीत आधी कुणाची सुट्टी लिहायची यावर एकमत नव्हतं. सातवा विषय चुकून हद्द ओलांडलेल्या माणसांचा. असा माणूस सापडला तर समितीने त्याची नोंद घेतल्यापासून बहात्तर तासांत तो सन्मानाने परत करायचा, असं कलमच होतं. अशी प्रकरणं किती, हे पाचही देशांनी वेळोवेळी कळवायचं होतं. पाचही देश कळवत नसत. मग निरंकराव त्या रकान्यात ‘निरंक’ लिहीत, म्हणजे काही नाही. टोपणनाव पडलं ते त्यावरून. सरचिटणीस भाषणात सांगत की आपल्या भागात अठरा वर्षांत एकही माणूस वाट चुकलेला नाही. टाळ्या पडत. मागच्या रांगेत बसलेल्या निरंकरावांनाही जरा बरं वाटे. अख्ख्या प्रदेशाची शांतता आपल्या हस्ताक्षरात आहे, ही काही लहान गोष्ट नव्हती.

घरी त्यांनी एवढंच सांगून ठेवलं होतं की काम सुरक्षेचं आहे, फार बोलता येत नाही. बायकोनेही फार विचारलं नाही. नवरा साडेपाचला घरी येतो आणि डबा रिकामा करून आणतो त्या अर्थी सीमा शांत असणार, असा तिचा अंदाज होता, आणि सचिवालयाकडे त्याहून पक्की माहिती होती असंही नाही.

बायकोचा धाकटा भाऊ वजनकाटे दुरुस्त करायचा. ट्रक उभा करून तोलायचा मोठा काटा, ज्याचा लोखंडी पाट रस्त्याच्या पातळीला असतो आणि खाली माणूस उभा राहील एवढा खड्डा असतो, तसले. शहरापासून तासाभरावर हद्दीवर असा एक संयुक्त काटा होता. अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. ट्रक एकदाच तोलायचा आणि ते वजन दोन्ही देशांनी खरं मानायचं, ही सहकार्यातली सर्वांत मोठी मजल मानली जाई. पाटावर मधोमध पांढरी रेघ मारलेली होती. खालच्या खड्ड्यात रेघ मारायची राहून गेली होती. खड्ड्यात उतरायला दोन शिड्या, एक आपली, एक त्यांची.

एका मंगळवारी काटा रिकाम्या ट्रकचं वजन भरल्या ट्रकाहून जास्त दाखवू लागला, म्हणून मेहुण्याला बोलावलं. तो अकराच्या सुमारास आपल्या शिडीने खाली उतरला, काट्याच्या तरफेत अडकलेला दगड काढला, घाम पुसायला चष्मा काढून आपल्या बाजूच्या वरच्या कडेवर ठेवला आणि उरलेलं काम हाताने चाचपत उरकलं. तेवढ्या वेळात दोघे रंगारी येऊन अलीकडची शिडी उचलून घेऊन गेले. येत्या बैठकीच्या निमित्ताने हद्दीवरचं सगळं लोखंड हिरवं करावं, असं सचिवालयाचं परिपत्रक होतं. ते कुणी टंकित केलं होतं हे सांगायला नको.

मेहुण्याने दोन हाका मारल्या. मग साहजिकच दुसऱ्या शिडीने वर आला. वर पलीकडचा हवालदार उभा होता. माणूस सज्जन. त्याने आधी पाणी दिलं आणि मग अटक केली. तसाच खाली सोडला असता तर आपण एक माणूस विनापरवाना शेजारच्या देशात पाठवला असं झालं असतं, आणि त्या गुन्ह्याला हवालदाराची नोकरी पुरली नसती.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. काट्यावरच्या कारकुनाने फोन केला होता, आणि कुणा ट्रकवाल्याच्या हाती चष्माही पोचता केला होता. तिने सगळं सांगितलं आणि मग अठरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, “अहो, हे तुमच्याच खात्यातलं ना?”

निरंकराव म्हणाले, आमच्याच. तिला एकदम हायसं वाटलं. तिने आईला फोन लावला आणि सांगितलं की काळजी नको, घरचाच माणूस आहे. निरंकरावांनी बूट काढले आणि बराच वेळ ते नीट एका रेषेत ठेवत बसले. बैठक पंधरा दिवसांवर होती. इतिवृत्त पाच सह्यांनिशी कपाटात होतं. विषय सातवा, प्रलंबित प्रकरणे, निरंक. समितीने समाधान व्यक्त केले.

दुसऱ्या दिवशी ते संचालकबाईंपुढे उभे राहिले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, हळहळल्या, स्वतःच्या एका मावसभावाची विमानतळावरची गोष्टही सांगितली. मग म्हणाल्या की एक शब्द बदलायचा तर पाच राजधान्यांची संमती लागेल, म्हणजे कमीत कमी दोन महिने. समितीने नोंद घेतल्याशिवाय बहात्तर तास सुरूच होत नाहीत. आणि समितीने तर नोंद घेतलेलीच आहे, की असं काही नाही.

“पण बैठक अजून झालेली नाही,” निरंकराव म्हणाले.

“अहो निरंकराव, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं व्हायचं?”

नव्या कारकुनांना ते स्वतः नेमकं असंच ऐकवत.

पुढचे पंधरा दिवस घरात सकाळ-संध्याकाळ तोच विषय. सासूबाई राहायला आल्या. नुसत्या जावयाकडे बघत, आणि तो डबा घेऊन निघाला की बघायच्या थांबत. ट्रकवाल्यांकडून निरोप येत. मेहुणा बरा आहे. चौकीमागच्या खोलीत ठेवलाय. हवालदाराचा पंखा नीट करून दिला. चष्म्याशिवाय डोकं दुखतं म्हणतो. बायकोने चष्मा मऊ फडक्यात गुंडाळला आणि नवऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. “माणूस आणणं जमत नसेल तर नसो,” ती म्हणाली. “हा तेवढा पोचवा. पलीकडचे साहेब येतातच ना तुमच्या बैठकीला?”

पलीकडचे प्रतिनिधी आले. निरंकरावांचा आणि त्यांचा अठरा वर्षांचा घरोबा. एकमेकांच्या मुलांच्या परीक्षा, गुडघे, रक्तदाब, सगळं तोंडपाठ. बैठकीआधी जिन्यात गाठून निरंकरावांनी चष्मा पुढे केला. प्रतिनिधींनी हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला.

“घेतला तर हा कुणाचा, ते लिहावं लागेल,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि ज्याचा आहे असं लिहीन, तो आमच्याकडे नाही. तुमच्याच कागदावर नाही, भाऊसाहेब. मी सही केलीय त्यावर.”

त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. त्यांनी निरंकरावांचा खांदा दाबला, काचांचा नंबर विचारला, तो ऐकून आपला त्याहून जास्त आहे असं सांगितलं आणि आत गेले.

बैठक सुरू झाली. निरंकराव अध्यक्षांशेजारच्या कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाशी बसून, जे घडलंय ते घडतंय ना, हे पाहत होते. पहिला विषय झाला. तिसऱ्याला हशा झाला. सहाव्याला आभार मानले गेले. सातवा विषय पुकारला गेला आणि निरंकराव उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. इतिवृत्त लिहिणाऱ्याला बोलायचा अधिकार नव्हता. पण उभं राहायला मनाई असल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. हातात चष्मा होता. त्यांना खोकला आला. पाचही प्रतिनिधींनी पानं उलटून पाहिली, खोकला कुठे आहे का म्हणून.

अध्यक्ष त्या वेळी तिसऱ्याच एका देशाचे होते. वय झालेलं. ते मघापासून खिसे चाचपत होते. त्यांनी उभ्या निरंकरावांकडे पाहिलं, हातातल्या चष्म्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. “वा, वेळेवर आणलात,” म्हणून त्यांनी तो घेतला, नाकावर चढवला आणि मेहुण्याच्या चष्म्यातून स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचलं: प्रलंबित प्रकरणे निरंक, समिती समाधान व्यक्त करते.

पाच देशांनी समाधान व्यक्त केलं. नववा विषय पुढच्या बैठकीवर गेला. निघताना अध्यक्षांनी चष्मा परत दिला आणि काच छान असल्याचं सांगितलं.

त्या दिवशी निरंकराव घरी गेले आणि चष्मा टीव्हीवर ठेवला. सासूबाई उठून आतल्या खोलीत गेल्या. बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “मला वाटायचं तुम्ही फार बोलत नाही ते गुप्त असतं म्हणून.”

मग त्यांनी आयुष्यातलं एकुलतं एक धाडस केलं. पुढच्या बैठकीचा मसुदा लिहिताना सातव्या विषयापुढे ‘निरंक’ऐवजी ‘एक’ लिहिलं. पुढे मेहुण्याचं नाव, वय, धंदा, काट्याचं ठिकाण, सगळं. समितीने नोंद घेतली, असंही लिहिलं. मसुदा पाच राजधान्यांत गेला. त्यांना वाटलं, कुठून तरी फोन येईल, कुणी तरी विचारेल, हे काय नवीन. तीन आठवड्यांत पानापानावर पाच सह्या होऊन मसुदा परत आला. कुणी वाचलाच नव्हता. अठरा वर्षं वाचला नव्हता. म्हणजे मागच्या खेपेलाही, अगदी पहिल्या खेपेलाही, त्या रकान्यात काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

पण निदान आता काम झालं होतं. बैठक झाली की बहात्तर तास. बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली. सासूबाई जावयाशी दोन वाक्यं बोलल्या, त्यातलं एक हवेबद्दल होतं.

बैठकीला तीन आठवडे उरले असताना पलीकडच्या चौकीवरचा हवालदार बदलला. नव्याने आल्या आल्या सगळं मोजून ताब्यात घेतलं: खुर्च्या चार, कंदील दोन, पंखा एक चालू, माणूस एक. माणसाची कुठे नोंद सापडेना. त्याने वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठांनी शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त पाहून कळवलं की असा कुणी नाही. तेव्हा नव्या हवालदाराने मेहुण्याला सांगितलं की बाबा रे, तू इथे नाहीस, तर मग इथे बसू नकोस. मेहुणा त्यांच्या शिडीने खाली उतरला, आपल्या शिडीने वर आला, आणि ट्रकमध्ये बसून दुपारच्या जेवणाला घरी पोचला. शिडीचा हिरवा रंग छान दिसतो, असं म्हणाला.

घरात तीन आठवडे आनंदीआनंद होता. निरंकरावही त्यात होते, पण मसुद्याची आठवण आली की ते ताटावरून उठून कॅलेंडरवरची खूण पाहून येत. त्यांनी संचालकबाईंना दोनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा बाई फोनवर होत्या. एकदा नव्हत्या, पण निरंकरावांचीच हिंमत झाली नाही.

बैठकीत अध्यक्षांनी, आता आपल्याच चष्म्यातून, वाचलं: प्रलंबित प्रकरण एक. क्षणभर त्यांनाच दचकल्यासारखं झालं. पण खाली सही होती, त्यांचीच. समितीने नोंद घेतली. बहात्तर तास सुरू झाले. संध्याकाळपर्यंत पाच राजधान्यांतल्या वर्तमानपत्रांना बातमी गेली की सहकार्याचं सातवं कलम इतिहासात प्रथमच अमलात येत आहे. सरचिटणीस स्वतः येणार होते. गालिचा, वाद्यवृंद, छायाचित्रकार. परवा, गुरुवारी, सकाळी दहाला, संयुक्त काट्यावर.

तेव्हा कुठे निरंकरावांनी बाईंना सांगितलं की मेहुणा कधीच घरी आलाय. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“कुणाच्या आदेशाने आला तो?”

“हवालदाराच्या.”

“मग त्याला परत येणं म्हणत नाहीत, निरंकराव. पळून येणं म्हणतात.” बाई जरा थांबल्या. मग आवाज मऊ करून त्यांनी विचारलं की मेहुणा मोकळा असतो का सकाळी. म्हणजे, तासाभराचंच काम आहे. नऊला खाली उतरायचं, तिकडे वर यायचं, दहाला सन्मानाने परत. आपण शिडी पुसून ठेवू.

घरी हे सांगताना निरंकराव भिंतीकडे पाहून बोलले. बायको म्हणाली, “तुम्ही लिहिलंत ना ‘एक’? मग तुम्हीच खोडा.” त्यांनी समजावलं की खोडायला दोन महिने लागतात, आणि तोवर कागदोपत्री तो तिकडेच आहे. तिकडे असलेल्या माणसाला इकडच्या काट्यावर कामाचा पास मिळत नाही. मेहुण्याचा पास तर बैठक झाल्या झाल्या अडलाही होता. सासूबाई पुन्हा जावयाकडे नुसत्या बघायला लागल्या.

शेवटी मेहुणाच म्हणाला, “जाऊ दे ना ताई. मला वाट माहीत आहे.” मग निरंकरावांकडे वळून म्हणाला, “भावजी, तुमची नोकरी राहू दे. तेवढा चष्मा या वेळी डोळ्यांवर ठेवतो.”

गुरुवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. नऊला आपल्या शिडीने खाली उतरला. रंग ताजा केला होता, हाताला लागत होता. दोन मिनिटांनी पांढऱ्या रेघेपलीकडे त्याचं डोकं वर आलं, मग चष्मा, मग त्याच्या दंडावर हवालदाराचा हात. हा हवालदार आणखी नवा होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्याने नियमाप्रमाणे केलं. मेहुण्याने वळून हात हलवला. इकडून छायाचित्रकारांनी तो टिपला. मग चौकीमागच्या खोलीचं दार लागलं.

दहा वाजले. वाद्यवृंद एकदा वाजवून थांबला. रेघेच्या इकडे सरचिटणीस, संचालकबाई, गालिचा. रेघेपलीकडे कुणी नाही. सव्वादहाला वाद्यवृंदाने पुन्हा तेच वाजवलं. बायको गालिच्याच्या कडेला भावाचा डबा हातात धरून उभी होती. तो दुपारी जेवायला घरी येणार असला तरी तिने तो आणला होता. साडेदहाला निरंकराव बाजूला झाले आणि त्यांनी पलीकडच्या प्रतिनिधींना फोन लावला. चौथ्या खेपेला तो त्यांच्या मुलीने उचलला. बाबा घरी नाहीत, म्हणाली. बाकी सगळे मामाकडे गेले आहेत, सोमवारी येतील.

त्या दिवशी पलीकडे सुट्टी होती.